राहिलेला उत्तररंग

राजेश्वरीला मी सून म्हणून पसंत केली ती कीर्तनात. कराडला घाटावरच्या देवळात उत्सव होता. बुवांचा पूर्वरंग झाला, म्हणजे एक पद घेऊन त्याचा अर्थ उलगडून झाला. आता त्याच पदावर उत्तररंगात आख्यान लागायचं. मधल्या वेळात बुवांच्या गळ्यात हार घालतात, श्रोत्यांच्या कपाळाला बुक्का लावतात, आणि नेमकी तीच वेळ साधून निम्मा मांडव उठतो. कुणाची एसटी असते, कुणाचं दूध तापवायचं राहिलेलं असतं. त्या दिवशी तर वीजही गेली. उरलेला निम्मा मांडव मोबाईलच्या उजेडात चपला शोधायला लागला. माझ्या शेजारी एक पोरगी मात्र मांडी न मोडता बसलेली. तिची आई तिला कोपरानं ढोसत होती, "ऊठ की गं, अंधार झालाय." ती म्हणाली, "आये, बुवा बसल्यात न्हवं अजून? मग आपुन मधनं उठायचं व्हय?"

घरी आल्यावर मी मानसिंगला सांगितलं, "बाबा, पोरगी बघितली. शेवटपर्यंत बसणारी हाय."

मानसिंग माझा एकुलता मुलगा. त्याचे वडील लष्करातून आले आणि दोन वर्षांत गेले, तेव्हा तो कराडला डिप्लोमा करत होता. पुढे कृष्णाकाठच्या साखर कारखान्यात बॉयलरवर लागला. कारखान्याच्या कॉलनीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. उसाचा रस काढून राहिलेलं चिपाड त्या बॉयलरमध्ये जळतं, वाफ होते आणि त्या वाफेवर सगळा कारखाना चालतो, एवढं मला त्यानं समजावलेलं. पण मोठ्या बॉयलरचा प्रमुख व्हायचं तर सरकारची परीक्षा द्यावी लागते. बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरचं प्रमाणपत्र. ते नसलं तर माणूस कितीही वर्षं तिथं राबू दे, सही दुसऱ्याचीच.

मानसिंगची लेखी निघायची. तोंडी बुडायची. दोनदा बुडाली. घरात सगळं घडाघडा सांगणारा माझा मुलगा साहेबांच्या टेबलापुढं बसला की त्याच्या जिभेला कुलूप लागायचं. पहिल्या खेपेला साहेबांनी विचारलं, तुमचं नाव काय, तर यानं बॉयलरचा दाब सांगितला. आम्ही हसलो. तोही हसला. पण त्या रात्री तो जेवला नाही, आणि दुसऱ्यांदा नापास होऊन आल्यावर म्हणाला, "आई, आता न्हाई बसायचं. माझ्यात न्हाईच ते."

लग्न होऊन आमच्या घरी आलेल्या राजेश्वरीनं हे ऐकलं. ती लसूण सोलत होती. बारावी झालेली पोरगी, बॉयलर म्हणजे तिनं लांबून दिसणारी चिमणी तेवढी पाहिलेली. पण लसणाची टरफलं पदरातून झटकून ती त्याच्यापुढं येऊन बसली.

"अहो, बुवांचं कधी अडत न्हाई का वो?"

"कुठल्या बुवांचं?"

"कीर्तनातल्या. तीन-तीन तास बोलत्यात. त्यांचंबी मधनं अडतंय की. मी बघितलंय. अडलं की ते काय करत्यात?"

मानसिंगनं खांदे उडवले.

"मूळ पदावर येत्यात. पद घेत्यात. पेटी वाजती, तबला वाजतो, लोक टाळ्या धरत्यात, तेवढ्यात बुवांना पुढचं सुचतंय. तुमचं पदच न्हाई, म्हणून तुमी बुडताय."

मी म्हटलं, "आगं, सरकारी परीक्षेत पद कुठलं?"

"मग बनवू की आत्या!"

आणि तिनं खरंच बनवलं. मानसिंगला तिनं विचारलं, तुमच्या कामात सगळ्यात मोठी गोष्ट कुठली? तो म्हणाला, पाणी. बॉयलरला एक काच असते, तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसते. पाळीवर आलेल्या माणसानं बाकी सगळं सोडून आधी त्या काचेकडं बघायचं. ते ऐकून तिनं डब्याच्या झाकणावर बोटं वाजवत चाल लावली:

आधी पाणी पाहावे ।
मग अग्नीपाशी जावे ॥

त्या दिवसापासून आमच्या घरात रोज कीर्तन. ती झेरॉक्सच्या पुस्तकातून प्रश्न वाचायची, अगदी बुवांसारखा हात पुढं करून, आणि मानसिंग उत्तर द्यायचा. अडला की ती झाकण वाजवायची. "घ्या पद!" तो लाजत लाजत म्हणायचा, मी टाळी धरायची, आणि काय नवल, पुढचं वाक्य त्याच्या तोंडात यायचं. शेजारचा धनाजी खिडकीतून ओरडायचा, "मान्या, आरती कवा हाय रं? परसादाला येतो." हा आतून, "पास झाल्यावर ये गड्या, पेढं देतो!"

पोराचा चेहरा बदलला होता. पुन्हा फॉर्म भरला. लेखी निघाली.

आणि तेव्हाच राजेश्वरीला जिना चढताना धाप लागायला लागली.

लहानपणी तिला सांधे सुजून ताप आला होता म्हणे. माहेरी कुणाच्या लक्षातही राहिला नव्हता. त्या तापानं हृदयाची झडप खराब करून ठेवलेली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, झडप बदलावी लागेल, थांबून चालणार नाही. मानसिंगचं तोंड पांढरं पडलं. ही पलंगावर बसून मलाच डोळा घालते.

"आत्या, बघा की. ह्यांनी वर्षभर व्हॉल्व्हचा अभ्यास केला, आन् खराब माझाच निघाला."

ऑपरेशनची तारीख लागली आणि त्याच आठवड्यात पुण्याहून तोंडीची तारीख आली. मानसिंगनं पत्र घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाला, "पुढच्या खेपंला बघू." राजेश्वरीनं त्याच्या खिशातून ते काढून घेतलं आणि उशीखाली ठेवलं.

"ऑपरेशन माझं हाय. तुमी हितं बसून काय करणार? सुई-दोरा धरणार?"

"आगं पण..."

"पण-बिण न्हाई. मला तुमी पास झालेलं बघायचंय. न्हाई न्हाई, बघायचं न्हाई, मला ऐकायचंय. पयल्यापासनं शेवटपर्यंत. साहेब काय म्हणाले, तुमी काय म्हणाला, कुठं अडलं, कसं सुटलं. मला तेवढं पायजे. बाकी कायबी नको."

तिनं मागितलं ते एवढंच. माझ्या घरात पाच वर्षं राबलेल्या पोरीनं साडी मागितली नाही, सोन्याचा डाग मागितला नाही. एक कीर्तन मागितलं.

ऑपरेशनच्या आधी तपासण्यांसाठी आम्ही वॉर्डात होतो. तिथंही तिनं अभ्यास सोडला नाही. झाकण घरी राहिलं म्हणून औषधाच्या ट्रेवर बोटं वाजवायची. पलीकडच्या खाटेपाशी जतची एक बाई होती, तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं. दोन दिवस ती नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी पद आलं की तिनंच टाळी धरली. एकदा राजेश्वरीनं विचारलं, "सेफ्टी व्हॉल्व्ह कशासाठी असतो?" आणि नेमके डॉक्टर फेरीला आले. "कुठल्या व्हॉल्व्हची चर्चा चालली आहे?" ही म्हणाली, "डॉक्टर, माझा तुमी बघा. ह्यांचा मी बघतीय." डॉक्टर हसले, सिस्टर हसल्या, जतची बाई तर पदर तोंडात धरून हसली. मानसिंग तेवढा खाली बघत होता. त्याला हसू येत नव्हतं.

ऑपरेशन चांगलं झालं. विठ्ठलाला मी काय काय बोलले ते त्यालाच ठाऊक. अतिदक्षता विभागातून तिला बाहेर आणलं, नाकातली नळी काढली, तिनं दोन चमचे पेज घेतली आणि पहिलं वाक्य बोलली ते, "तारीख उद्याच हाय न्हवं? अजून गेला न्हाईत?"

तो गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भेटीच्या वेळेला तो पुण्याहून थेट दवाखान्यात आला. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, पिशवी खांद्यावर तशीच. मी त्याचं तोंड बघितलं आणि मला कळलं. दोन वेळा नापास होऊन आलेलं तोंड मी पाहिलं होतं. हे ते नव्हतं.

मी काही विचारणार, तेवढ्यात राजेश्वरीनं हात वर केला. "आत्या, विचारू नका. आन् तुमीबी एकदम सांगू नका. बसा. पाणी प्या. आता पयल्यापासनं."

मानसिंगनं स्टूल ओढलं. आणि काय सांगू, साहेबांपुढं मुका होणारा माझा मुलगा बुवांसारखा बोलायला लागला. ती मोठी इमारत, बाहेरचा बाक, त्याच्या आधी आत गेलेला शिरवळचा एक उमेदवार कसा बाहेर येऊन नळाखाली डोकं धरून उभा राहिला. आत तीन साहेब. एक टकले, त्यांच्यापुढं पाण्याची बाटली. दुसरे सारखे फोन बघणारे. तिसरे पांढऱ्या केसांचे, डोळे मिटून बसलेले.

"झोपल्यालं?" राजेश्वरीनं विचारलं.

"मला तसंच वाटलं. म्हटलं, बरं झालं, एक तरी कमी झाला."

ती हसली आणि छातीवर हात दाबून धरला. हसलं की टाके ओढायचे.

"टकल्या साहेबांनी विचारलं, नाव काय?"

"मग? काय सांगितलं?"

"नावच सांगितलं!"

जतच्या बाईनं टाळी वाजवली. मानसिंग रंगात आला. दुसरा प्रश्न सेफ्टी व्हॉल्व्हचा, तो कसा सरळ गेला, मध्येच फोनवाल्या साहेबांनी फोन उलटा ठेवला, सगळं हातवारे करून सांगितलं. मग त्यानं आवाज खाली आणला, बुवा आणतात तसा.

"आन् मग त्या पांढऱ्या केसांच्या साहेबांनी डोळं उघडलं. म्हणालं, 'तुम्ही पाळीवर आलात. काचेत पाणी दिसत नाही. बोला.' आन् माझं तोंड..."

"वेळ संपली," सिस्टर दारातून म्हणाली. "पेशंटला दम लागतोय. बोलवू नका जास्त. उद्या या."

"दोनच वाक्यं राहिलीत ओ सिस्टर," मानसिंग म्हणाला.

पण राजेश्वरीच म्हणाली, "दोन वाक्यांत उरकायचं न्हाई. एवढा पूर्वरंग रंगला आन् उत्तररंग उरकून टाकणार व्हय? उद्या सावकाश सांगा. आत्या, डबी हाय न्हवं? मध्यंतर झालं."

माझ्या बटव्यात बुक्क्याची डबी असतेच. मी सिस्टरची पाठ वळलेली बघून तिच्या कपाळाला बोट लावलं. मग मानसिंगला, जतच्या बाईला आणि मलाही. ती उशीवर डोकं टेकून म्हणाली, "आता कोण मधनं उठतंय ते बघते."

बाहेर व्हरांड्यात मानसिंग माझ्या कानाशी आला. इतका खूश मी त्याला लग्नातही पाहिला नव्हता. "आई, शेवट लय भारी हाय. मुद्दाम मागं ठेवलाय. तिच्यासाठी निरोप हाय त्यात. उद्या सांगतो, बघ तिचं तोंड कसं हुतंय."

मला केवढं कौतुक वाटलं. म्हटलं, शिकला बाई माझा मुलगा. चांगला कीर्तनकार गोड घास शेवटालाच ठेवतो.

सकाळी मी तिचं तोंड पुसत होते. ओल्या फडक्यानं कपाळ पुसताना ती म्हणाली, "आत्या, बुक्का राहू द्या, कीर्तन संपल्यालं न्हाई." मी कडेकडेनं पुसलं. ती म्हणाली, "काय झालं असंल वो पुढं? मला वाटतंय अडलं असत्याल. 'आन् माझं तोंड' म्हणालं न्हवं, तितंच राहिलं. पद घेतलं असंल का?"

"घेतलं असंल की."

"साहेबांपुढं? लाजत्यात ते."

असं म्हणून ती हसायला गेली. आणि हसू अर्ध्यावर आलं असताना तिनं माझं मनगट धरलं. माझ्याकडं बघितलं, जणू मला काहीतरी विचारायचं आहे. मी सिस्टरला हाक मारली. धावपळ झाली, पडदा ओढला, मला बाहेर काढलं. डॉक्टर म्हणाले, रक्ताची गाठ. त्यांनी फार प्रयत्न केले, ते मी पडद्याखालून दिसणाऱ्या पावलांवरून बघत होते. मग ती पावलं सावकाश झाली.

मानसिंग भेटीच्या वेळेची वाट बघत खाली चहाच्या टपरीवर बसला होता.

दुपारी तिला कॉलनीत आणलं. अंगण माणसांनी भरलं. तिचे आई-वडील आले. तिला न्हाऊ घातलं, हिरवी साडी नेसवली, बायकांनी मळवट भरला. मळवटाखालचा बुक्का मी पुसू दिला नाही. माझे दीर हंबीरराव लष्करातले, त्यांना सगळं वेळेवर लागतं. सूर्य कलला तसे ते म्हणाले, "वहिनी, आता उशीर नगं. मानसिंगला उठवा."

मानसिंग तिच्या डोक्याशी बसलेला. सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता, रडलाही नव्हता. दिरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो बाजूला केला.

"थांबा काका. हिला पुढचं सांगायचं राहिलंय."

बायकांत हुंदके फुटले. कुणीतरी म्हणालं, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. धनाजी पुढं येऊन म्हणाला, "मान्या, चल गड्या." मी म्हटलं, "धनाजी, बस खाली. सगळी बसा. सांगू द्या त्याला."

अंगण बसलं. मानसिंगनं घसा साफ केला.

"तर साहेब म्हणालं, काचेत पाणी दिसत न्हाई, बोला. आन् माझं तोंड सुकलं. जीभ उचलंना. टकल्या साहेबांनी बाटली पुढं केली, तर ती हातातनं सांडली. मनात म्हटलं, बुडालो. तिसऱ्यांदा बुडालो. आन् मग मी तोंडातल्या तोंडात पद..."

इथं तो थांबला. हीच जागा होती. इथं ती झाकण वाजवायची. त्याचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. तो तिच्या हातांकडे बघत होता, आणि ते हात छातीवर जुळवून ठेवलेले.

मग ते पद मी घेतलं.

आधी पाणी पाहावे... मग अग्नीपाशी जावे...

पहिल्यांदा मी एकटीच. मग धनाजीनं टाळी धरली. मग तिच्या आईनं, जिनं त्या अंधारात तिला कोपरानं ढोसलं होतं, तिनं धरली. मानसिंगनं डोळे मिटले आणि पुढं बोलला.

"साहेब म्हणालं, 'काय पुटपुटताय?' म्हटलं, 'काय न्हाई साहेब.' 'मोठ्यानं म्हणा.' मग काय करतो, म्हटलं. चालीवर म्हटलं, अगं, तू म्हणतीस तसंच. तिघंबी बघत बसलं. आन् सुटलं की मग! म्हटलं, साहेब, आधी काच खरी दाखवती का बघीन, वाफ सोडून ती साफ फुंकून घेईन. पाणी खरंच खाली गेलं असंल तर चिपाड बंद, वारा बंद, आग काढीन. पाणी घालायचा मोह हुतो, पण तापल्या लोखंडावर गार पाणी घालणार न्हाई. हाय तसं सावकाश निवू दीन. एक शब्द चुकला न्हाई बघ."

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. मग आवाज खाली आणला.

"आता शेवट. त्या पांढऱ्या केसांच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणालं, 'असं उत्तर द्यायला कुणी शिकवलं?' म्हटलं, 'घरच्यांनी.' म्हणालं, 'त्या कुठल्या कारखान्यात आहेत?' म्हटलं, 'कुठल्याच न्हाई साहेब. मिरजंला दवाखान्यात हायत.' मग म्हणालं, 'निकाल मला आत्ता सांगता येत नाही. पण त्यांना सांगा, काचेत पाणी दिसतंय. आणि...'"

त्याचा आवाज तिथं फाटला. पण तो थांबला नाही.

"'आणि त्यांना माझा नमस्कार सांगा.' राजू, साहेबांनी तुला नमस्कार सांगितलाय. तो मी कालच द्यायला पायजे हुता गं. मी तो शेवटाला ठेवला."

त्यानं दोन्ही हात जोडले आणि तिच्या पायांवर डोकं टेकलं. मग तो रडला. सकाळपासूनचं सगळं रडला. अंगणात कुणी हललं नाही, कुणी मधून उठलं नाही.

मी डबी उघडली आणि तिच्या कपाळावर पुन्हा एकदा बोट ठेवलं. मग दिरांकडे वळून म्हटलं, "भाऊजी, आता उचला. आता ती मधनं उठली असं हुत न्हाई."